शिकवणीचे मोल

आमचे कारापूर परक्या माणसाला समजावून सांगायचे, तर दोन ठिकाणे सांगावी लागतात. एक विठ्ठलापूर. वाळवंटीच्या काठी राण्यांचा विठ्ठल तेथे उभा आहे आणि चैत्रातल्या उत्सवाला सारा परिसर तेथे लोटतो. दुसरे तिस्क, म्हणजे जेथे रस्ते एकमेकांना मिळतात, बसगाड्या थांबतात आणि गावाची खबरबात कळते. जुन्या काळी मुलाच्या विद्येचा आरंभ बहुधा देवळाच्या आसऱ्याने, कोणा पंतोजीच्या छडीखाली होई. आजच्या मुलाची विद्या तिस्काच्या बाजूला पुरी होते. शाळा सुटली की मुले घरी न जाता क्लासला जातात, आणि क्लासांचे फलक साखळीच्या बाजारापर्यंत सोबत करतात. फलकावर गेल्या वर्षीच्या गुणवंतांची छायाचित्रे असतात, टक्के असतात, दूरध्वनीचा क्रमांक असतो. फी मात्र नसते. ती आत जाऊन, आवाज किंचित खाली आणून विचारायची असते.

हा आवाज खाली येण्याला कारण आहे. श्राद्धाच्या पंक्तीला कोणाला बसवू नये, याची जी लांबलचक यादी मनूने दिली आहे, तीत वेतन घेऊन शिकविणारा आहे आणि वेतन देऊन शिकणाराही आहे. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्याला ज्ञानाचा व्यापारी ठरविले आहे. ही वचने आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असतील. पण ती अंगात मुरली आहेत. म्हणूनच डॉक्टरची फी आपण उघड टेबलावर ठेवतो, वकिलाची नाइलाजाने का होईना मोजून देतो, आणि शिक्षकाची पाकिटात घालून, दुसरीकडे पाहत पुढे करतो. वस्तुतः पंतोजी तरी वाऱ्यावर जगत नव्हते. त्यांना शिधा मिळे, सुगीला धान्य मिळे, सणावारी वस्त्र मिळे. विद्यादान फुकट नव्हतेच. त्याचे मोल दुसऱ्या नावाने दिले जाई, इतकेच.

या विषयात मी एरवी पडलो नसतो. माझा धंदा खटल्यांचा आणि दस्तऐवजांचा. परंतु गेली काही वर्षे एका ख्रिस्ती शिक्षकाची कागदपत्रे माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यामुळे या प्रश्नाकडे मला पुनःपुन्हा वळावे लागले. हे गृहस्थ मूळचे बार्देशचे. बरीच वर्षे एका शाळेत नोकरी करून ती त्यांनी सोडली आणि आमच्या भागात येऊन अकरावी-बारावीच्या मुलांसाठी गणित आणि पदार्थविज्ञान यांचा वर्ग काढला. सारे जण त्यांना ‘सर’ म्हणतात, मीही म्हणतो. ते मला ‘वकीलबाब’ म्हणतात. दर रविवारी मिसेला जाणारे, बोलण्यात धर्म न आणणारे, हिशोबात काटेकोर असे हे गृहस्थ. पहिल्याच भेटीत, वकिलाच्या अंगी असतो त्या आगाऊपणाने, मी त्यांना विचारले की तुमच्या धर्मग्रंथात तर फुकट मिळाले ते फुकट द्या असा आदेश आहे. मग तुम्ही फी कशी घेता? सर हसले आणि म्हणाले, “वकीलबाब, त्याच पानार मुखार वाचात.”

मी वाचले. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या बारा शिष्यांना गावोगाव पाठवितो. आठव्या वचनात तो त्यांना सांगतो की तुम्हाला विनामूल्य मिळाले आहे, विनामूल्य द्या. आणि दोनच वचने पुढे, दहाव्यात, कामकरी आपल्या अन्नाला पात्र आहे असेही सांगतो. एकाच दस्तऐवजात दोन कलमे परस्परांविरुद्ध दिसली, तर दोन्ही जिवंत राहतील असा अर्थ लावावा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. ख्रिस्ती जगाने हा अर्थ लावण्यात शतके घालविली आहेत. संत पॉल करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरीत होता. तेथील मंडळीला पुढे लिहिलेल्या पत्रात तो आधी आपला निर्वाहाचा हक्क पुराव्यानिशी सिद्ध करतो आणि मग सांगतो की हा हक्क मी बजावलेला नाही. हक्क शाबूत ठेवून सवलत देणे म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला नमुना मला आमच्या कायद्याच्या पुस्तकांत सापडलेला नाही. मध्ययुगातील युरोपात चर्चच्या कायदेपंडितांना हाच प्रश्न पडला होता. ज्ञान ही देवाची देणगी, म्हणून ते विकता येत नाही, हे त्यांचे सूत्र. मनूने आणि त्यांनी एकमेकांची तोंडे पाहिली नव्हती, तरी सूत्र एकच. पण त्यांनी पुढे एक वाट काढली: शिक्षक ज्ञान विकीत नाही, तो आपले श्रम आणि आपला वेळ देतो, आणि श्रमाचे मोल घेण्यात पाप नाही. सरांनी हे पंडित वाचलेले नाहीत. तरी त्यांचे उत्तर तेच होते. “हांव जाणविकाय विकिना,” ते म्हणाले, “वेळ दितां, ताचे पयशे घेतां.”

येथे एक विषयांतर करतो, कारण ते मला फार गमतीचे वाटते. ‘कोच’ म्हणजे मुळात घोडागाडी, आणि तो शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तो खासगी शिकवणी घेणाऱ्याला थट्टेने लावला; परीक्षेच्या मुक्कामी ओढून नेणारी गाडी, या अर्थाने. केंब्रिजमध्ये या कोचांनी गणितात मोठा दबदबा निर्माण केला. एडवर्ड राउथ नावाच्या एकाच कोचने पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर तयार केले. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली ज्या परीक्षेत पहिल्या स्थानाचे मानकरी झाले, तीच ही परीक्षा. आता हा राउथ शिकवण्या का घेत होता? केंब्रिजच्या कॉलेजांचे फेलो अविवाहित असले पाहिजेत, असा जुना मठवासी धर्मगुरूंच्या काळापासून चालत आलेला दंडक होता. राउथने १८६४ साली लग्न केले आणि त्याला फेलोपद सोडावे लागले. त्याच्याआधीचा प्रख्यात कोच हॉपकिन्स हाही विवाहित असल्यामुळेच या धंद्याकडे वळला. अर्थात ज्या धंद्याला आपण निव्वळ बाजारी समजतो, त्याच्या भरभराटीला ख्रिस्ती ब्रह्मचर्याच्या नियमाने हातभार लावला आहे. संसार करायचा तर फी घ्यावी लागते, हे तेथेही सिद्ध झाले!

आपल्या गोमंतकात मात्र याची दुसरी बाजू दिसते. जुन्या काबिजादीतल्या चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षराबरोबर सोल्फा आणि व्हायोलिन शिकायला मिळे. त्या शिदोरीवर गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी मुंबई गाठली आणि चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले नामांकित व्हायोलिनवादक आणि शिक्षक. प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव साऱ्या हिंदुस्थानच्या तोंडी बसले. दक्षिणेचा हा प्रकार मनूच्याही यादीत बसणार नाही.

पण फुकट शिक्षण म्हटले की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना व्हायोलिन आठवत नाही, दुसरेच काही आठवते. ते मला नीट कळले, ते एका बैठकीत.

सरांचा वर्ग आधी तिस्कावरच्या एका दुकानाच्या माडीवर भरत असे. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा आमच्या परिसरातल्या एका देवस्थानाची अग्रशाळा सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळांपुरती भाड्याने मिळावी, असा अर्ज त्यांनी केला. अग्रशाळा उत्सवाचे दिवस सोडले तर रिकामीच असते. पोर्तुगीज अमदानीतल्या १९३३ च्या रेग्युलामेंताखाली आमची देवस्थाने महाजनांची समिती चालविते आणि मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. तेव्हा नियमाप्रमाणे काय करता येईल हे सांगायला समितीने मला बोलाविले होते. नियमाचा प्रश्न पाच मिनिटांत संपला. खरा प्रश्न नंतर निघाला. एक वयोवृद्ध महाजन, ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे, शांतपणे म्हणाले, “यांच्या पाठशाळा आमच्या देवांच्या उत्पन्नावर उभ्या राहिल्या. आता जागाही आम्हीच द्यायची काय?”

हे म्हणणे खोटे नाही, आणि ते खोटे असल्यासारखे कोणी वागूही नये. १५४१ साली तिसवाडीतल्या मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न सांता फे या धर्मबंधुसंघाकडे आणि त्याच्या विद्यालयाकडे वळविण्यात आले. पुढल्या वर्षी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. ते विद्यालय जेझुइटांकडे गेले आणि सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली तेथेच आला. आता, जेझुइटांचा नियम असा की शिकविण्याबद्दल विद्यार्थ्याकडून काहीही घ्यायचे नाही. तो नियम त्यांनी जवळजवळ तीन शतके पाळला आणि एकोणिसाव्या शतकात रोमने सवलत दिल्यावरच सोडला. नियम उदात्त होता, यात शंका नाही. परंतु विद्यार्थी देत नसेल तर कोणी तरी देतोच. युरोपात राजे आणि सरदार देत. येथे ज्यांनी दिले त्यांना कोणी विचारले नव्हते. आमच्या डिचोली तालुक्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज आले तेव्हा काळ पालटला होता आणि आमची देवळे वाचली. पण दिवाडीहून निघून आलेला सप्तकोटेश्वर नार्व्याला, आमच्याच तालुक्यात आहे. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा बांधविले. ही आठवण येथे पुस्तकातून शिकावी लागत नाही.

दुसऱ्या एका सभासदाने, ते निवृत्त शिक्षक आहेत, पंडिता रमाबाईंचा दाखला काढला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी पुण्यास गेले. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही अशा समजुतीवर रानडे-भांडारकरांसारख्यांनी त्याला पाठबळ दिले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या; आपली प्रार्थना त्या दार लावून करीत नव्हत्या, आणि मुली तेथे बसू लागल्या. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणात रमाबाईंचीच सारी चूक, असे मला वाटत नाही. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवणे हा गुन्हा नव्हे. पण पालकांचा विश्वास ज्या शब्दावर होता, तो शब्द पुरेसा स्पष्ट नव्हता, हेही खरे. शब्द स्पष्ट करून घ्यावा, एवढेच निवृत्त शिक्षकांचे म्हणणे होते, आणि वकील म्हणून ते मला पटले.

सरांना बोलाविण्यात आले. त्यांनी न चिडता ऐकून घेतले. वर्गात प्रार्थना होणार नाही, त्यांचीही नाही आणि आपलीही नाही. आरंभी दोन मिनिटे सर्वांनी स्वस्थ बसायचे. भिंतीवर काही लावायचे नाही. हे त्यांनी लेखी दिले. मग एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस याने आध्यात्मिक साधनेचे जे पुस्तक लिहिले, त्यात साधना करवून घेणाऱ्याला अशी सूचना आहे की त्याने साधकाला या बाजूला किंवा त्या बाजूला ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे. पुढले देव आणि तो साधक पाहून घेतील. “म्हजें काम काट्याचें,” सर म्हणाले. वयोवृद्ध महाजन म्हणाले, “काट्याला भाडे किती परवडेल ते सांगा.” बैठकीतला ताण तेथे संपला. अकरा महिन्यांच्या परवान्याचा मसुदा मी केला. आता दर महिन्याला ख्रिस्ती शिक्षकाच्या शिकवणीच्या फीमधून देवस्थानाच्या खात्यावर रक्कम जमा होते, आणि तेच महाजन ती रक्कम पाहून कधी कधी १५४१ चा उल्लेख करतात, पण आता थोड्या वेगळ्या सुरात.

अग्रशाळेचे काम झाल्यापासून सरांचा धंदा मी जवळून पाहतो आहे. श्रद्धेने त्यांना व्यवहारात काय दिले, हे मला जे दिसले ते सांगतो. पहिली गोष्ट रविवारची. परीक्षा जवळ आली की बाकीचे क्लास रविवारी सराव-परीक्षा ठेवतात. सरांचा वर्ग रविवारी बंद. यामुळे दर वर्षी चार-पाच मुले दुसरीकडे जातात. मी सुचविले की तुम्ही मिसेला जा, तुमच्या मदतनीस बाई वर्ग घेतील. ते म्हणाले की विश्रांतीचा दिवस मालकाला आहे तसा नोकरालाही आहे, आणि मुलांनाही. मूळ आज्ञेत गुराढोरांनाही आहे.

दुसरी गोष्ट फीच्या एका तक्रारीची, जी माझ्याकडे कायद्याचा प्रश्न म्हणून आली. एक मुलगा जानेवारीत, परीक्षेला जेमतेम दोन महिने असताना वर्गात आला. कच्चा होता. सरांनी त्याच्याकडून दोन महिन्यांचीच फी घेतली आणि संध्याकाळी थांबून त्याची तयारी करून घेतली. जूनपासून पूर्ण फी भरणाऱ्या एका पालकाने हरकत घेतली की आम्ही इतके भरले आणि जास्त वेळ त्याला मिळाला. मला येथे द्राक्षमळ्याचा दृष्टांत आठवला. मळ्याचा धनी सकाळपासून राबणाऱ्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी देतो. सकाळचे मजूर कुरकुर करतात. धनी म्हणतो की तुझ्याशी जे ठरले ते मी दिले, मग तुझे काय गेले? धर्मोपदेशक या कथेत देवाची कृपा पाहतात. मला त्यात कराराच्या कायद्याचे चोख उत्तर दिसते. एका मजुराचा करार हा दुसऱ्याच्या तक्रारीचा आधार होत नाही. पालकांना मी तेच समजावले, मात्र कथा न सांगता. सरांना विचारले, तर त्यांनी तोच दृष्टांत सांगितला, मात्र कायदा न सांगता.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. २०१२ साली आमच्या भागातल्या खाणी बंद पडल्या. मध्ये सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ साली पुन्हा थांबल्या. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांची दारात उभी वाहने गंजली. डिचोली-साखळीकडच्या कित्येक घरांत तेव्हा पहिली कात्री लागली ती शिकवणीला. सरांनी एकाही मुलाचे नाव काढले नाही. मी थकबाकीची यादी मागितली, तेव्हा त्यांनी वही पुढे केली. त्या नावांसमोर रकमा नव्हत्याच. त्यांचे म्हणणे असे की बुद्धी ही आपली मिळकत नव्हे, आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. बायबलात एक धनी परदेशी जाताना नोकरांकडे तालांत ठेवून जातो. तालांत म्हणजे तोलून दिलेली चांदी. इंग्रजीतला ‘टॅलेंट’ शब्द याच कथेतून गुण या अर्थाला आला. जो नोकर ती चांदी जमिनीत पुरतो, त्याला धनी दोष देतो. म्हणजे ठेव वापरायची, वाढवायची, पण ती आपली म्हणायची नाही. आमच्या १८८२ च्या विश्वस्तांच्या कायद्यातही हेच आहे: दस्तात तशी तरतूद असल्याखेरीज विश्वस्ताला आपल्या श्रमाचा मोबदला मागता येत नाही, आणि विश्वस्त मालमत्तेतून स्वतःसाठी नफा तर मुळीच काढता येत नाही.

हे सारे ऐकायला सुंदर आहे, आणि तेथेच मी सरांशी भांडलो. त्यांच्या मदतनीस बाई जवळच्याच गावातल्या, एम.एस्सी. झालेल्या, हुशार. खाणी बंद असलेल्या त्या काळात त्यांचा पगार तीन वर्षे वाढला नाही. वाढणार कोठून? सरांनी फी वाढविली नव्हती, थकबाकी सोडून दिली होती. मी त्यांना स्पष्ट म्हटले, “सर, तुम्ही उदार आहात, पण तुमच्या औदार्याचा अर्धा भाग त्या बाईंच्या पगारातून जातो, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.” धर्मशील माणसांच्या संस्थांत, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती बोलताना माझा आवाज थोडा चढला असावा. आमच्या देवस्थानांतले पुजारी आणि वाजंत्री हेही याच न्यायाने पिढ्यानपिढ्या अर्धपोटी सेवा करीत आले आहेत.

सर काही बोलले नाहीत. त्यांची एक सवय मला नंतर कळली. इग्नेशियसच्याच शिकवणुकीप्रमाणे ते रोज रात्री दिवसाची उजळणी करतात: आज काय मिळाले, कोठे चुकलो, कोणाचे देणे राहिले. आपल्याकडे दासबोध वाचणाऱ्या घरांत असे आत्मपरीक्षण अपरिचित नाही; पण सर ते वहीत लिहितात, आणि लिहिलेले दुसऱ्या दिवशी अमलात आणतात, हे मला विशेष वाटते. आठवड्याने ते आले आणि म्हणाले की ज्यांची ऐपत आहे त्यांची फी वाढवायची आहे, पालकांना द्यायची सूचना लिहून द्या. सूचनेत वाढीचे कारण लिहायचे होते. मी ‘वाढता खर्च’ असे लिहिले होते. त्यांनी ते खोडून ‘सहशिक्षिकेचे वेतन’ असे लिहिले. एका पालकाने ती सूचना वाचून मला विचारले की शिक्षकाचा पगार हा आमच्यापुढे मांडायचा विषय आहे काय. मला वाटते, तोच विषय आहे. आवाज खाली आणून बोलण्याऐवजी तो असा कागदावर आला, तर निदान कोण कोणाला काय देतो ते कळते.

२०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने शिकवणी वर्गांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. गुणांची हमी देऊ नये, खोट्या जाहिराती करू नयेत, मूल मध्येच सोडून गेले तर उरलेली फी दहा दिवसांत परत करावी, आठवड्यातून एक दिवस मुलांना आणि शिक्षकांना सुटी असावी. मी त्याची प्रत सरांना वाचून दाखविली. पन्नासहून कमी मुलांचा वर्ग त्या व्याख्येत येतच नाही, आणि सरांची मुले तेव्हा बेचाळीस होती. शिवाय ती तत्त्वे राज्यांना केलेली सूचना आहे, तिला स्वतंत्र कायद्याचे बळ नाही. “म्हणजे माझ्यावर बंधनकारक नाही?” त्यांनी विचारले. मी नाही म्हटल्यावर ते थोडे निराश झालेले दिसले. जे आपण व्रत म्हणून करीत होतो ते निदान कायदा म्हणून तरी दुसऱ्यांना लागेल, अशी त्यांची आशा असावी.

सध्या त्यांच्यापुढे नवा प्रश्न आहे. गोव्याबाहेरच्या एका भांडवलदाराला सरांच्या नावाने डिचोली, म्हापसा आणि फोंडा येथे शाखा काढायच्या आहेत. पैसा त्याचा, नाव आणि पद्धत सरांची. मसुदा त्याच्या वकिलाने पाठविला आहे. त्यात एक कलम असे की वर्गात शिकविणाऱ्या कोणाही शिक्षकाने नोकरी सोडल्यावर तीन वर्षे तालुक्यात स्वतःचा वर्ग काढता कामा नये. मदतनीस बाईंचे नाव त्यात नाही, पण बाण कोणावर आहे ते उघड आहे. मी सरांना सांगितले की १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन निरर्थक ठरते; न्यायालयात ते टिकणार नाही.

“टिकणार नाही तर लिहायचे कशाला?”

“माणूस घाबरतो म्हणून,” मी म्हटले. “सगळे असेच लिहितात.”

त्यांनी मसुदा मागून घेतला. तीन शहरांत तीन शाखा म्हणजे बारदेशातल्या घरावरचे कर्ज फिटण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे, आणि त्या भांडवलदाराला ते कलम काढायचे नाही हेही त्याच्या वकिलाने मला कळविले आहे. कलमाखेरीज बाकीच्या अटी चांगल्या आहेत, असे मी सरांना दोनदा सांगितले. तो माझा धंदा आहे. मसुदा अजून त्यांच्याकडेच आहे. दरम्यान जूनमध्ये अकरावीचा नवा वर्ग अग्रशाळेत सुरू झाला. बाई सकाळचे गणित घेतात. महिन्याचे भाडे पाच तारखेला जमा झाले आहे, आणि वयोवृद्ध महाजनांनी पंख्यांच्या विजेचा खर्च भाड्यातच धरला आहे की वेगळा, याची चौकशी करायला माझ्याकडे माणूस पाठविला आहे.